तोंड माहेराकडे

“आबा, थांबा! लिव्हर बघा!”

मी ओरडले, पण तोवर आबांनी हँडल फिरवलं होतं. इंजिनाने बंदुकीच्या बारासारखा आवाज काढला, हँडल उलटं फिरलं आणि आबा मांडवाच्या मेढीवर जाऊन आदळले. उजवं मनगट डाव्या हातात धरून ते मटकन खाली बसले.

गाडीत भागीआत्या चढून बसली होती. तिच्यासमोर स्टिअरिंगच्या खाली दोन नाजूक दांड्या होत्या. त्यांतल्या डावीकडच्या दांडीला तिने माझ्या ओटीची पिशवी अडकवली होती. पिशवीत पाच नारळ.

“आत्या, ती पिशवी तिथे का लावलीस गो?”

“मग काय मांडीवर घेऊन बसू? खुंटी दिसली, लावली.”

“खुंटी नाही ती! ठिणगीची दांडी आहे. खाली ओढली की हँडल उलटं मारतं.”

“मला काय ठाऊक?” आत्या म्हणाली. “इतकी सुबक वाकवलेली. मला वाटलं, साहेबाने बायांच्या सोयीसाठी केलीय.”

हे एकोणीसशे चोपन्न सालच्या वैशाखातलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि त्याच संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर, माझं लग्न होतं.

आमचं गाव कासारवेळ, घाटाच्या पायथ्याशी. नवऱ्याचं गाव निनाईवाडी, घाटमाथ्यावर. बारा मैलांची वाट, त्यातले सात मैल नुसती चढण. आमच्यात लग्न नवऱ्याच्या दारी लागायचं. वऱ्हाड सकाळीच ट्रकमधून पुढे गेलं होतं. मागे राहिलो होतो आम्ही तिघंच, आबा, आत्या आणि मी. कारण आबांनी साखरपुड्याच्या दिवशीच सांगून टाकलं होतं, “माझी द्वारका सासरी जाईल ती माझ्या काळीतूनच.”

काळी म्हणजे आमची फोर्ड.

आबा, भिवा मेस्त्री, जातीचे पांचाळ. आमचे आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवत. रत्नागिरीच्या एका वकिलाने जुनी झाली म्हणून टाकलेली ती गाडी आबांनी बैलांकरवी ओढत घरी आणली आणि सहा महिने खोलून खोलून शिकून घेतली. चाकांना लाकडी आरे होते. आरा मोडला की आबा खैराचा नवा घडवून बसवत. त्या फोर्डसाहेबाबद्दल ते असं बोलत, जणू तो आमच्याच वाडीतला एखादा बुजुर्ग सुतार. “त्याने ठरवलं होतं, मोटार ज्याची त्याला दुरुस्त करता आली पाहिजे. दीड कोटी गाड्या काढल्यान, पण एकीचा स्क्रू दुसरीला बसतो. कितीतरी वर्षं रंगही एकच, काळा. नटवी नको, चालणारी पाहिजे.” गावातले लोक मात्र तिला भिवा मेस्त्रीचं टमरेल म्हणत. खोतांच्या दारात तेव्हा नवी चकचकीत शेवरोलेट उभी असे, तिच्यापुढे काळी म्हणजे चांदीच्या ताटाच्या बाजूला ठेवलेला विळा.

माझी आई मी लहान असतानाच गेली. आत्याने मला स्वयंपाक शिकवला आणि आबांनी, दुसरं कोणी हाताशी नसल्यामुळे, गाडी. सोळाव्या वर्षी मी काळी नदीपर्यंत नेऊन आणत होते. हँडल फिरवताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीत वळवायचा नाही, हे मला भाकरी थापण्याआधी आलं.

आणि त्यापायीच माझं पहिलं ठरलेलं लग्न मोडलं होतं. देवरुखकडचं स्थळ होतं. कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं की मुलगी मोटारीखाली उताणी झोपून ग्रीस भरते. त्यांचा निरोप आला, “आम्हाला सून हवी, डायव्हर नको.” त्यानंतर आबांनी मला शपथच घातली. निनाईवाडीला यातलं अवाक्षर कळता कामा नये. एक लग्न मोडलेली मुलगी, दुसरंही मोडलं तर तिसरं कोण विचारणार?

निनाईवाडीचे तातोबा सुतार मला बघायला आले तेव्हा मी त्या शपथेला जागून खाली मान घालून बसले होते. मध्यस्थाने आधीच सांगून ठेवलं होतं, “घर चांगलं, मुलगा दिनकर सालस, मुंबईला गोदीत सुतारकाम करतो. फक्त तातोबांच्या बोलण्यातलं अर्धं सोडून द्यायचं. थापा मारतात म्हणून गाव हसतं त्यांना.” पण तातोबांनी एकही थाप मारली नाही. मला नाव विचारलं, पोहे खाल्ले आणि उठून थेट गाडीकडे गेले. तिच्याभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या. मग आबांना विचारलं, “टाकी पुढच्या सीटखालीच न्हवं?”

“होय. सीट उचलायची, काठी घालून बघायची.”

“आणि घाट चढताना टाकी किती भरता?”

“काठोकाठ. कमी टाकीने मी घाटात पाऊलच घालत नाही.”

“असं,” तातोबा म्हणाले. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं, आबांकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं. मग एकदम म्हणाले, “पसंत हाय.”

ते गेल्यावर आत्या भडकली. “मुलगी बघायला आला होता की मोटार? तुला चपाती येते का, एवढंसुद्धा विचारलं नाही मेल्याने!”

तर असं ते लग्न. आणि आता आबा मेढीला टेकून बसलेले, मनगट रताळ्यासारखं सुजलेलं.

वरच्या वाडीतून हाडवैद्य आला, त्याने हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप लावला. त्यात दीड तास गेला. दिवस कलायला लागला. गावात दुसऱ्या कोणाला गाडी चालवता येत नव्हती. खोतांची शेवरोलेट कोल्हापूरला गेलेली. एसटी सकाळीच गेलेली. बैलगाडीने निघालो असतो तर मध्यरात्र झाली असती.

“दिनकररावांची रजा परवा संपते,” आत्या म्हणाली. “मुहूर्त चुकला तर लोक काय म्हणतील, ठाऊक आहे ना? मुलगीच अपशकुनी.”

 मी उठले, शालूचा काचा मारला आणि पिशवी काढून आत्याच्या मांडीवर ठेवली.

“आबा, निनाईच्या देवळापर्यंत मी नेते. देवळाच्या अलीकडे गाडी थांबवू. तुम्ही माझ्या जागी बसा, मी मागे जाते. तिथून मांडव फर्लांगभर आहे. तेवढं डाव्या हाताने जमेल. कोणाला कळणार नाही.”

“आणि वाटेत कोणी बघितलं तर?”

“पदर नाकापर्यंत ओढते.”

“मग तुला रस्ता कसा दिसेल, बये?” आत्या म्हणाली, आणि त्या दुखण्यातही आबा हसले.

हँडल मीच मारायचं होतं. हातात हिरवा चुडा. तो लग्नाआधी वाढला तर आणखी एक अपशकुन. आत्याने आपली शाल फाडून माझ्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या गुंडाळल्या. हळद लागलेली, बाशिंगाची वाट बघणारी नवरी मी, पण दिसत होते कुस्तीतल्या पैलवानासारखी. पहिल्या हिसक्याला काळी चालू झाली.

घाटाच्या पायथ्याशी आम्ही थांबलो. लग्नाच्या धावपळीत टाकी अर्ध्याखाली आली होती, ती तिथे डब्यातल्या पेट्रोलने भरायची असं ठरलं होतं. मी मागचा डबा उचलला आणि तो माझ्या हातात फुलासारखा वर आला.

“आबा, डबा रिकामा आहे.”

“काल माझ्या हाताने भरलाय मी!”

आम्ही दोघांनी आत्याकडे बघितलं. आत्या नारळ मोजत होती.

“आत्या?”

“तुझ्या शालूवर समईचं तेल सांडलं होतं,” ती नारळांना म्हणाली. “पेट्रोलने डाग जातो, असं शिंपीणबाई म्हणाली. गेलाही. बघ, कुठे दिसतोय?”

“शालूला अख्खा डबा लागला?”

“मग भिवाचा कोट होता. एका पाहुण्याची टोपी होती. शेजारणीने दोन लुगडी आणली. लग्नघर आहे, नाही कसं म्हणायचं?”

आबांनी कपाळाला हात लावला, नेमका दुखरा, आणि कळवळले. जवळचा पंप तीस मैल उलट्या दिशेला. मी सीट उचलली, काठी घातली. चार बोटं पेट्रोल.

“चार बोटं घाटाला पुरतं,” आबा म्हणाले, “पण...”

“पण काय?”

“चल तू. बघू.”

ते ‘पण’ मला घाटाच्या चौथ्या मैलावर कळलं. तिथे आम्ही जिला हत्तीची सोंड म्हणतो ती खडी चढण सुरू होते. गाडीने नाक वर केलं, दोनदा खोकली आणि बंद पडली. मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. आत्या उतरून चाकामागे धोंडा लावून आली. आपली चूक भरून काढायची म्हणून तिने आख्खी शिळाच आणली होती.

पुन्हा काठी घातली. तीन बोटं.

“पेट्रोल आहे तर बंद का पडली?” आत्याने विचारलं.

“आहे, पण पोहोचत नाही,” आबा म्हणाले. “या गाडीला पंप नाही गो. सीटखालच्या टाकीतून इंजिनाकडे ते आपलं आपणच उताराने वाहत जातं. टाकी भरलेली असली की घाटातही जातं. कमी असली आणि नाक वर गेलं की इंजिन उंचावर, पेट्रोल खाली. म्हणून तर मी भरल्या टाकीशिवाय येत नाही.”

खाली दरीत ऊन पिवळं व्हायला लागलं होतं. आबा रस्त्याच्या कडेला बसले. आत्या निनाईला नवस बोलायला लागली, आधी साडीचा, मग साडीचोळीचा, मग बकऱ्याचा. मी गाडीकडे बघत उभी राहिले. तहान लागली होती, म्हणून तांब्या घेतला. तळाशी घोटभर पाणी होतं. मी तांब्या तोंडाकडे नेला आणि तसाच धरून ठेवला.

“आबा, तांब्यात तळाशी पाणी असेल तर आपण काय करतो?”

“काय करतो?”

“कलंडतो. गाडी कलंडू या. तोंड खाली, पाठ वर. मग पेट्रोल इंजिनाकडे येईल.”

आबा माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. “रिव्हर्स,” ते म्हणाले. “मागच्या गिअरला हिची ताकदही जास्त. द्वारके, उलटी चढेल ही!”

“कोण उलटी?” आत्याने नवस अर्धवट सोडला. “नवरी उलटी जाणार सासरी? पाठ करून? अरे, काही शास्त्र आहे की नाही?”

“मग इथेच बसू,” मी म्हणाले. “सरळ तोंडाने.”

आत्याने डोळे मिटले. शास्त्राच्या बाबतीत ती फार कडक होती, पण तिला स्वतःच्या चुकाही आठवत असाव्यात. एक नारळांची पिशवी, एक रिकामा डबा. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

“गाडी उलटी. नवरी कुठे उलटी आहे? नवरी गाडीत सरळच बसलीय ना? आणि तोंड माहेराकडे ठेवून सासरी जायला मिळालं तर कुठली पोर नको म्हणेल? माझ्या वेळी मिळतं तर मीही गेले असते. चल!”

मी ब्रेक धरत गाडी थोडी मागे सोडली. तिथे बैलांना विसावा देण्यासाठी रस्ता रुंद केलेला होता. त्या जागी तिची पाठ वर आणि तोंड खाली करून घेतलं. पुन्हा पट्ट्या घट्ट केल्या, दांडी वर आहे हे तीनदा बघितलं, अंगठा बोटांच्या बाजूला, आणि हँडल. काळी धडधडली. मी मधला पेडल दाबला.

आणि ती चढायला लागली.

त्या गाडीत मधला पेडल दाबून ठेवला तरच ती मागे जाते, पाय उचलला की थांबते. म्हणजे तीन मैल मला पाय उचलता येणार नव्हता. टप खाली पाडून मी मान मागे वळवली. आबा मागच्या सीटवर गुडघ्यांवर उभे राहिले आणि बांधलेला हात झेंड्यासारखा हलवत ओरडत होते, “डावीकडे! अगो, तुझ्या डावीकडे नाही, गाडीच्या!” आत्या माझ्या शेजारी, तोंड खाली दरीकडे, पिशवी छातीशी धरून. तीच एकटी तोंड पुढे करून बसली होती आणि वर्दी देत होती.

“द्वारके, आपली नदी दिसते!”

“मला मागे बघू दे, आत्या.”

“शाळेचं छप्पर दिसलं! आता आपली वाडी! भिवा, आपला मांडव दिसतो रे, पताकासुद्धा!”

एका सरळ पट्ट्यात मी क्षणभर मान पुढे केली. खरंच दिसत होतं सगळं. नदी, माडापोफळींची कुळागरं, आमच्या भट्टीच्या धुराने काळं पडलेलं छप्पर. जसजशी मी घरापासून लांब जात होते, तसतसं ते जास्तच दिसत होतं. रडायचं ठरवलं असतं तर रडता आलं असतं, पण पायाला इतका गोळा आला होता की रडायला सवड नव्हती. उलट मला हसूच फुटलं. आत्याही हसायला लागली. आबा ओरडले, “हसू नका, कठडा आला!”

वाटेत एक धनगर मेंढरं घेऊन उतरत होता. त्याने आम्हाला येताना पाहिलं, आम्ही मागे मागे गेलो, तो थांबला, पागोटं सरळ केलं आणि मेंढरांनाच विचारलं, “ह्ये आल्याती, का चालल्याती?”

शेवटचं वळण राहिलं तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. त्या वळणापलीकडे निनाईचं देऊळ. “तिथे थांबव,” आबा म्हणाले. “मी चालवायला बसतो. पदर नीट घे. हाताच्या पट्ट्या सोड.”

“आबा, माणसं नसतील ना देवळापाशी?”

“कोण असणार? सगळे मांडवात.”

पण आम्हाला दोन तास उशीर झाला होता. आणि उशीर झालेल्या नवरीची वाट कोणी मांडवात बसून बघत नाही.

मी पाठमोरी वळण घेतलं आणि मानेमागे अख्खी निनाईवाडी उभी होती. ताशेवाले होते, सनईवाला होता, दिवट्या घेतलेले गडी होते, आरतीचं ताट घेतलेल्या सासूबाई होत्या, आमचंच सकाळी आलेलं वऱ्हाड होतं. सनईवाल्याने वाजवायला फुंकर घातली होती, ती आतच राहिली. माझा पाय पेडलवरून सुटला. गाडी थांबली. स्टिअरिंग माझ्या हातात, हाताला पैलवानी पट्ट्या, काचा मारलेला शालू, पदर मानेवर.

 इंजिन तेवढं फुटफुट करत होतं.

गर्दीतून खाशाबा पाटील पुढे आले. मोठ्या मिशांचे. ते गावातले मानकरी. “काय वं मेस्त्री,” ते म्हणाले, “नवरी मोटार हाकती व्हय?”

आबा सीटवर गुडघे टेकून तसेच. “म्हणजे... हात मोडला ना माझा. आज पहिल्यांदाच तिने... म्हणजे येत नाही तिला, पण...”

येत नसलेल्या मुलीने घाट उलटा चढवला, हे म्हणायला त्यांची जीभ रेटेना. आबांना आयुष्यात नीट खोटं बोलता आलं नाही. मला वाटलं, गेलं. हेही लग्न गेलं. मग जायचंच असेल तर खरं बोलून जाऊ दे.

“मला येते,” मी म्हणाले. “तीन वर्षं चालवतेय. दुरुस्तही करते.”

तेवढ्यात मागून गलका झाला. “सरा! सरा बाजूला!” तातोबा सुतार दोन्ही हातांनी माणसं बाजूला करत आले. डोक्यावर नवा फेटा, तो अर्धा सुटलेला. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. गाडीच्या मागच्या बाजूला आले, मग पुढे गेले, तोंड कुठे आहे ते बघितलं. मग माझ्याजवळ येऊन, आवाज अगदी बारीक करून, विचारलं,

“पोरी, कुठनं फिरवलीस?”

“हत्तीच्या सोंडेपासून.”

“तितनं हितवर? उलटी?”

“होय.”

“टाकीत किती हाय?”

“दोन बोटं असेल.”

तातोबांनी फेटा काढला, त्याचा एक पदर दोन्ही हातांत धरला आणि गावाकडे तोंड करून असे ओरडले की झाडांवरची वटवाघळं उडाली.

“बगा रं! डोळं फाडून बगा! खाशाबा, तू पुढं हो! तीस वरसं! तीस वरसं मला थापाड्या म्हनलासा!”

मग कुठे मला कळलं. तरुणपणी तातोबा एका अमेरिकन पाद्रीसाहेबाकडे गाडीवर होते. अशीच काळी फोर्ड. एकदा औषधांच्या पेट्या घेऊन घाट चढताना पेट्रोल कमी पडलं, तेव्हा साहेबाने गाडी उलटी फिरवायला लावली आणि तातोबांनी तिला पाठमोरी माथ्यावर आणली. भर दुपार, वाटेवर चिटपाखरू नाही. साहेब पुढे आपल्या देशी निघून गेला. तातोबांनी गावात येऊन ही हकिगत सांगितली आणि त्या दिवसापासून ते हसण्याचा विषय झाले. पोरं त्यांच्यासमोरून पाठमोरी चालत जात. त्यांनी खरं सांगितलं तरी लोक म्हणत, “हे सुलट का उलट?” आणि खाशाबा पाटलांनी भर चावडीत पैज मारली होती, मोटार उलटी घाट चढलेली दाखव, मिशी उतरवतो.

आता पाटील मिशीला हात लावून उभे होते आणि गाव त्यांच्याकडे बघत होतं. लग्नघर असल्यामुळे न्हावीही हजर होता. तो तर पुढेच सरसावला.

“तातोबा,” पाटील म्हणाले, “शब्द दिला व्हता. बोलव त्याला.”

“मिशी ऱ्हाऊ द्या, पाटील,” तातोबा म्हणाले. “लगीन हाय, फोटू काढायचा हाय. तुमी निस्तं तोंडानं म्हना.”

पाटलांनी पटका नीट केला. सगळीकडे बघितलं. “तातोबा सुतार खरं बोलत व्हता,” ते म्हणाले. “आमीच खोटं.”

गर्दीत आधी एक जण हसला, मग दुसरा, आणि मग सगळेच. पण हे हसणं निराळं होतं. ताशेवाल्यांना कोणी सांगितलंही नाही, त्यांनी आपणच सुरू केलं.

सासूबाई आरतीचं ताट घेऊन पुढे आल्या. गाडीची मागची बाजू त्यांच्यासमोर होती, म्हणून त्यांनी आधी स्टेपनीलाच हळदकुंकू लावलं. मग मला ओवाळायचं सोडून त्या तातोबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. डोळे भरलेले.

“मलाबी थापच वाटायची हो,” त्या म्हणाल्या. “मी कदी बोलले न्हाई एवढंच.”

“ठावं हाय,” तातोबा म्हणाले. “आता रडू नकोस. सूनबाईला ओवाळ, मुहूर्त चाललाय.”

लग्न वेळेवर लागलं. पाट मांडलेला, अंतरपाट धरलेला, आणि माझा उजवा पाय थरथरत होता, थांबेचना. अंतरपाटाच्या खालून पलीकडच्या माणसाला तेवढाच दिसत असावा.

“गोळा आलाय का पायाला?” पलीकडून हळूच आवाज आला. मी त्यांचा ऐकलेला हा पहिला आवाज.

“होय.”

“मला शिकवाल?”

“आधी सावधान होऊ दे,” मी म्हणाले. अंतरपाट धरणाऱ्या भटजींनी मंगलाष्टकाच्या मध्येच एकदा खोकून घेतलं.

रात्री जेवणं झाल्यावर सासऱ्यांना मी विचारलं, “मामंजी, मला बघायला आलात, तेव्हा आबांना का नाही सांगितलंत? त्यांनी गाडी उलटी चढवून दाखवली असती.”

तातोबा सुपारी कातरत होते. “तोंडापर्यंत आलं व्हतं. पर तुजा बाप म्हनला, भरल्या टाकीबिगर घाटात येत न्हाई. आता नवा व्याही. त्यालाबी थापाड्याच वाटलो असतो, तर लगीन मोडलं असतं.” अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, “म्हनलं, सून तरी फोर्डवाल्याच्या घरची असू दे. आज ना उद्या हिच्याजवळ बोलता येईल.”

म्हणजे दोन्ही घरं एकाच गाडीपायी तोंड मिटून बसली होती. मला चालवता येते हे आम्ही लपवलं आणि तिला उलटं चढवता येतं हे त्यांनी.

आबांचा हात महिनाभर कामट्यांत राहिला. त्यामुळे परतणीला माझ्या बापाला आणि आत्याला मीच काळीतून घरी नेऊन पोहोचवलं. सासरी परत निघताना आत्याने माझी ओटी भरली, नारळ, तांदूळ, खण. आणि आबांनी डाव्या हाताने त्यात गाडीचं हँडल घातलं. ओटी इतकी जड झाली की खण टरकला.

पुढे काळी सासरी आमच्याकडेच राहिली. मी तिच्यातून किती बाळंतिणी मलकापूरच्या दवाखान्यात नेल्या, किती धान्य, किती पोरं शाळेला नेली, ते आता मोजता येणार नाही. तिच्यानंतर घाटात किती नव्या गाड्या आल्या, ज्यांना पंप असतो, ज्या नाक वर करून झपकन चढून जातात. माझा नातू परवा तसल्याच एका गाडीतून मला माहेरी घेऊन गेला. हत्तीची सोंड कधी मागे गेली, कळलंसुद्धा नाही.

पण मामंजी होते तोवर, म्हणजे आणखी अकरा वर्षं, मी माहेराहून येते आहे असा निरोप पोहोचला की ते निनाईच्या देवळाखाली येऊन दगडावर बसत. सोबत कोणी पाहुणा, कोणी नवा मास्तर, गावात बदलून आलेला तलाठी, ज्याने अजून बघितलेलं नाही असा कोणीतरी असेच. मी वळणाच्या अलीकडे गाडी थांबवी. ते काठी टेकत खाली येत आणि दर वेळी तोच प्रश्न विचारत.

“सूनबाई, टाकीत किती हाय?”

“काठोकाठ भरलेली आहे, मामंजी.”

ते मागे वळून पाहुण्याकडे बघत, मग माझ्याकडे, आणि पोरासारखे डोळे चमकवत म्हणत,

“मग काय झालं? फिरव!”